वेगाच्या देवाला वाहिलेले आयुष्य

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या अगदी खालच्या टोकाला इन्व्हरकार्गिल नावाचे शहर आहे. स्कॉटिश वसाहतवाल्यांनी वसविलेले, रुंद सरळ रस्त्यांचे, बोचऱ्या वाऱ्याचे आणि भोवताली मेंढ्यांची कुरणे पसरलेले असे हे गाव. तेथे हेज मंडळींचे लोखंडी सामानाचे जुने दुकान आहे. खिळेमोळे, पाने आणि करवती यांच्या संगतीत त्या दुकानात एक मोटारसायकल मांडून ठेवलेली आहे. तिला पाहण्यासाठी दूरदेशीचे लोक वाट वाकडी करून तेथे येतात. ही गाडी १९२० साली नवी विकत घेतली गेली, तेव्हा ती ताशी ५५ मैलांपलीकडे धावत नव्हती. १९६७ साली त्याच गाडीने, त्याच मालकाच्या हाताखाली, ताशी १८४ मैलांची मजल मारली. मालकाचे नाव हर्बर्ट जेम्स मन्रो. जग त्याला बर्ट मन्रो म्हणून ओळखते.

सत्तेचाळीस वर्षे एकाच यंत्राच्या मागे लागलेल्या या माणसाची हकीकत सांगताना बहुतेक जण त्या शेवटच्या आकड्यापासून आरंभ करतात. आकडा मोठा आहे यात शंका नाही. परंतु मन्रोच्या आयुष्याचे मर्म त्याच्या शेडमधील एका फळीवर अधिक स्पष्ट दिसत असे. तुटलेले, वितळलेले, तडकलेले यंत्राचे भाग त्याने त्या फळीवर ओळीने मांडून ठेवले होते आणि हा वेगाच्या देवाला अर्पण केलेला नैवेद्य आहे, अशा अर्थाची अक्षरे तेथे रंगविली होती. तो नैवेद्य किती होता, कशासाठी होता आणि त्यात नुसते लोखंडच होते की आणखीही काही होते, हे जरा निवांतपणे पाहण्यासारखे आहे.

शेतकऱ्याचा मुलगा

बर्टचा जन्म २५ मार्च १८९९ रोजी झाला. तो जुळ्यांपैकी एक. त्याची बहीण जन्मताच वारली. हे मूलही फार दिवस काढणार नाही, असे डॉक्टरांनी घरच्यांना सांगून ठेवले होते. इन्व्हरकार्गिलच्या पूर्वेस एडेंडेल येथे वडिलांची शेती होती. तेथेच हे अशक्त पोर वाढले आणि डॉक्टरांचे भाकीत खोटे ठरवून पुढे अठ्ठ्याहत्तर वर्षे जगले.

लहानपणापासून त्याला ओढ होती ती वेगाची. घरचा सर्वांत चपळ घोडा घेऊन शेतातून चौखूर सुटावे आणि त्यापायी वडिलांची बोलणी खावी, हा त्याचा नित्यक्रम होता. मोटारी, मोटारसायकली, विमाने अशी एकेक नवलाई त्या दूरच्या मुलुखातही येऊन पोचू लागली होती. ज्याला घोड्याची दौड पुरत नव्हती, त्या पोराला यंत्राची भुरळ पडली यात नवल ते काय? १९१५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याच्या हाती पहिली मोटारसायकल आली. ती डग्लस बनावटीची होती. तिच्यानंतर १९१९ मध्ये साइडकार जोडलेली क्लायनो आली. ही साइडकार कुटुंबवत्सल माणसांच्या सोयीची. मन्रोने ती सोडवून बाजूला ठेवली आणि गाडी शर्यतीत उतरविली.

पहिल्या महायुद्धात सैन्यात शिरून जग पाहावे, अशी त्याची मनीषा होती. परंतु वय कमी पडले आणि युद्ध संपेपर्यंत शेतीच त्याच्या वाट्यास आली. त्यानंतर काही काळ त्याने दक्षिण बेटाच्या डोंगरातून खणल्या जात असलेल्या ओटिरा बोगद्यावर मजुरी केली. यंत्रशास्त्राचे पुस्तकी शिक्षण त्याला कधीच मिळाले नाही. जे काही तो शिकला ते हाताने शिकला, आणि बहुतांशी वस्तू मोडून शिकला.

नावापुरती इंडियन

१९२० साली त्याने जी गाडी घेतली तिचे नाव इंडियन स्काउट. वाचकांनी नावावरून तिचा आपल्या देशाशी संबंध जोडू नये. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड येथे १९०१ साली सुरू झालेल्या एका कारखान्याने अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवरून आपल्या गाड्यांना हे नाव दिले होते. स्काउटचा आराखडा चार्ल्स फ्रँकलिन या डब्लिनच्या आयरिश अभियंत्याचा. इंजिन सुमारे ६०० सीसीचे. इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन सिलिंडर. गिअर तीन आणि तेही हाताने बदलावयाचे. क्लच मात्र पायाचा. दणकट, भरवशाची, रोजच्या वापराची ही गाडी होती. शर्यतीचे वारे तिला बनविणाऱ्यांनी तिच्या अंगात घातलेले नव्हते. मन्रोच्या गाडीच्या इंजिनावरील क्रमांकावरून ती त्या मालिकेतील ६२७वी होती असे दिसते. म्हणजे सारा प्रकार अगदी नवा असतानाच ती जगाच्या या टोकाला येऊन पोचली होती.

१९२६ पासून त्याने तिच्यात फेरफार करावयास प्रारंभ केला. मधल्या काळात तो व्यावसायिक शर्यतपटू म्हणून धावला, पुढे ऑस्ट्रेलियात मेलबर्नलाही शर्यती करून आला. १९३०च्या आसपास जगभर मंदीची लाट आली तेव्हा तो घरी परतला आणि मोटारसायकलींचा विक्रेता व मेकॅनिक म्हणून नोकरी करू लागला. दिवसा दुसऱ्यांच्या गाड्या, रात्री स्वतःची. कित्येकदा रात्रभर काम करून तो सकाळी तसाच नोकरीवर हजर होई. स्काउटच्या जोडीला १९३६ची एक व्हेलोसेट त्याच्यापाशी होती आणि तिच्यावरही त्याने असेच कष्ट घेतले. परंतु त्याचा खरा जीव गुंतला तो स्काउटमध्येच.

भंगारातून इंजिन

येथे कोणीही विचारील की, वेगच हवा होता तर नवी, वेगवान गाडी का घेतली नाही? पैसा नव्हता हे एक कारण उघडच आहे. ज्याच्यापाशी पैसा नसतो तो एक तर हौस सोडतो, किंवा आपल्या हातांनी पैशाची उणीव भरून काढतो. मन्रोने दुसरा मार्ग धरला.

मूळच्या इंजिनात झडपा सिलिंडरच्या बाजूला होत्या. अशा रचनेत पेट्रोल आणि हवा यांच्या मिश्रणाला आत शिरताना वळण घ्यावे लागते आणि जळालेला वायूही तसाच वळून बाहेर पडतो. शिवाय मिश्रण जितके दाबून पेटवावे तितके दाबता येत नाही. झडपा सिलिंडरच्या डोक्यावर नेल्या की वाट सरळ होते, दाब वाढविता येतो आणि इंजिन अधिक फेरे घेऊ लागते. हे तत्त्व त्या काळी सर्वांना ठाऊक होते. मन्रोने केले ते असे की, कारखान्याने ज्या इंजिनाला ही रचना कधी दिलीच नव्हती, त्याला ती स्वतःच्या शेडमध्ये बसून दिली. मूळचे दोन कॅम काढून त्याने चार कॅमची स्वतःची योजना त्यात बसविली.

एक गोष्ट बदलली की तिच्यामागून दहा बदलाव्या लागतात, हा यंत्रांचा स्वभावच आहे. फेरे वाढले की पिस्टनला फिरत्या दंडाशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर ताण येतो, आणि तोही सरळ प्रमाणात नव्हे. फेरे दुप्पट झाले तर ताण चौपट. कारखान्यातील रॉड ५५ मैलांच्या हिशेबाने केलेले. ते तुटू लागले. तेव्हा मन्रोने ट्रॅक्टरचा जुना आस मिळविला आणि त्या कठीण पोलादातून कापून, घासून, तापवून, पाणी देऊन नवे रॉड घडविले. दाब वाढला की उष्णता वाढते आणि पिस्टन वितळतात. मग जुने, निकामी पिस्टन वितळवून त्यांचाच रस साच्यात ओतून नवे पिस्टन करावयाचे. त्यासाठी जुने डबेही कामी येत. सिलिंडरसाठी त्याने गॅस वाहून नेणाऱ्या बिडाच्या जुन्या नळाचा उपयोग केला. गतिचक्रे, तेल खेळविण्याची व्यवस्था, अनेक चकत्यांचा क्लच, हे सारे त्याच्या हातचे. इंजिनाची शक्ती गिअरपर्यंत नेणारी मूळची दातेरी चाके काढून तेथे त्याने तिहेरी साखळी बसविली. सूक्ष्म माप घेण्यासाठी मायक्रोमीटर हवा तर चाकाच्या जुन्या तारेने त्याचे काम भागविले जाई.

वाचताना हे सगळे गमतीचे वाटते. करताना त्याची काय तऱ्हा होत असेल, हे ज्याने आयुष्यात एकदा तरी हाताने कानस चालविली आहे त्यालाच कळेल. पोलादाच्या आसातून एक रॉड कोरून काढावयास कित्येक दिवस लागतात. तो बसवावा, सगळे इंजिन पुन्हा जोडावे, गाडी समुद्रकिनाऱ्यावर न्यावी, एकच धाव घ्यावी आणि त्या पहिल्याच धावेत रॉडने मोडून सिलिंडर फोडून बाहेर यावे, असे प्रसंग मन्रोवर वारंवार आले. दुसरा कोणी असता तर तुकडे भंगारात टाकून मोकळा झाला असता. मन्रो ते घरी आणी. कोठे तडा गेला, कोठे रंग बदलला, कोणत्या बाजूने झीज झाली, हे न्याहाळून पाही आणि मग ते तुकडे फळीवर जाऊन बसत.

त्या फळीकडे पाहिले म्हणजे मघाशी विचारलेल्या प्रश्नाचे दुसरे उत्तर मिळते. नवी गाडी घेतली असती तर तिचे ज्ञान तिच्या कारखान्यापाशी राहिले असते. या गाडीचा प्रत्येक भाग का टिकला आणि त्याच्या आधीचा का टिकला नाही, हे जगात फक्त एका माणसाला ठाऊक होते. फळीवरचे तुकडे हेच त्याचे पुस्तक, आणि ते पुस्तक त्याला दुसऱ्या कोणत्याही गाडीवर उपयोगी पडणारे नव्हते. म्हणूनच तो त्या गाडीला धरून राहिला. १९५३ मध्ये अमेरिकेतील मूळ कारखाना बंद पडला, तरी इन्व्हरकार्गिलच्या शेडमध्ये एका स्काउटची घडण चालूच होती.

संसाराचा हिशेब

फळीवर जे मांडता आले नाही त्याचाही विचार केला पाहिजे. मन्रोने लग्न केले होते. त्याला चार मुले झाली. नोकरीनंतरचा सगळा वेळ आणि हाती उरणारा पैसा गाडीकडे जाऊ लागला म्हणजे घरात काय होते, हे सांगावयास नको. १९४०च्या दशकात पतिपत्नींचे मार्ग वेगळे झाले. त्याच दशकाच्या अखेरीस त्याने नोकरीही सोडली आणि सिमेंटच्या ठोकळ्यांच्या एका लहानशा शेडमध्ये तो राहू लागला. एका अंगाला त्याचा बिछाना, दुसऱ्या अंगाला दोन मोटारसायकली आणि मध्ये हत्यारे. घर आणि कारखाना यांच्यामधली भिंतच नाहीशी झाली.

या माणसावर लिहिणारे कित्येक जण हा भाग चार ओळींत उरकतात. छंदाचे वेड कौतुकाचे असते खरे, परंतु त्याची किंमत नेहमीच वेड्याच्या एकट्याच्या खिशातून जात नाही. ज्या बाईने त्याच्याबरोबर मंदीची वर्षे काढली आणि चार मुले वाढविली, तिच्यासाठी कोणी फळी केली नाही. मन्रोला दोष देण्यासाठी हे लिहिलेले नाही. त्याची मुले पुढे त्याच्या कीर्तीचा अभिमान बाळगणारीच निघाली, आणि त्यांच्यापैकी एकाने बापासाठी काय केले ते शेवटी येईलच. परंतु नैवेद्याचा हिशेब करावयाचा तर तो पुरता केला पाहिजे.

किनाऱ्यावरून मिठागराकडे

इन्व्हरकार्गिलजवळ ओरेटी नावाचा लांबच लांब समुद्रकिनारा आहे. ओहोटीनंतर तेथील वाळू इतकी घट्ट होते की तिच्यावर गाड्या पळविता येतात. मन्रोची प्रयोगशाळा हीच. १९४० साली त्याने न्यूझीलंडमधील खुल्या रस्त्यावरचा ताशी १२०.८ मैलांचा उच्चांक केला. १९५७ मध्ये ओरेटीच्या वाळूवर तो १३१.३८ मैलांपर्यंत पोचला. पंचावन्नाचे एकशे एकतीस झाले होते आणि माणूस अठ्ठावन्न वर्षांचा झाला होता. त्याच सुमारास त्याच्या हृदयाचे दुखणेही उघडकीस आले.

एवढ्यावर थांबला असता तरी त्याच्या प्रांतात त्याचे नाव राहिले असते. परंतु किनाऱ्याची लांबी आणि वाळूचा घट्टपणा यांना मर्यादा आहे. वेगाच्या उपासकांची पंढरी म्हणावी असे स्थान जगात एकच, ते म्हणजे अमेरिकेच्या युटा राज्यातील बॉनव्हिलचे मिठागर. हिमयुगातील एक अफाट सरोवर आटून गेले आणि मागे मिठाचे पांढरेशुभ्र, आरशासारखे सपाट मैदान उरले. समुद्रसपाटीपासून ते सुमारे ४,२०० फूट उंच आहे. १९४७ साली जॉन कॉबने मोटारीतून ताशी ३९४ मैलांचा वेग गाठला तो येथेच. मन्रो प्रथम तेथे गेला तो नुसता पाहावयास. याच दिवसांत, १९५७ साली, एका अमेरिकन मासिकाने त्याचे नाव छापताना इंग्रजी स्पेलिंगमधील एक अक्षर चुकविले. त्याने ती चूक दुरुस्त करण्याच्या भानगडीत न पडता नवे स्पेलिंगच स्वीकारून टाकले.

१९६२ साली तो गाडी घेऊन गेला. समुद्रमार्गाने अमेरिका गाठावयाची, तेथे एखादी जुनी, स्वस्त मोटार घ्यावयाची आणि तिच्यामागे मोटारसायकल जोडून शेकडो मैल वाळवंट ओलांडावयाचे, असा हा त्रेसष्ट वर्षांच्या, छातीत कळा येणाऱ्या माणसाचा प्रवास. मिठागरावर इतर मंडळी मोठमोठ्या कंपन्यांच्या पाठबळाने आलेली. या म्हाताऱ्यापाशी बेचाळीस वर्षांपूर्वीच्या गाडीचा सांगाडा आणि हातांनी घडविलेले इंजिन. तरी अमेरिकन शर्यतपटूंनी त्याला मोठ्या आपलेपणाने वागविले. १९४८ साली याच मैदानावर व्हिन्सेंट मोटारसायकलवर उताणे नव्हे तर पालथे पडून ताशी १५० मैल ओलांडणारा रॉली फ्री हाही त्याच्या मदतीला उभा राहिला.

वारा आणि गाडी

आता हवेचा प्रश्न. गाडीला होणारा हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापण्यास लागणारी शक्ती घनाने. ५५ मैलांवरून १८४ मैलांवर जावयाचे म्हणजे वेग तिपटीहून थोडा अधिक. पण आकार तोच ठेवला तर शक्ती मात्र सुमारे ३७ पट हवी. कोणतेही इंजिन कितीही घासले तरी त्यातून सदतीसपट शक्ती निघणे कठीण. म्हणून आकार बदलणे भाग होते. मन्रोने गाडीला माशासारखे लांबट कवच केले. आधी ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून ठोकून, वर्षानुवर्षे खपून; नंतर फायबरग्लासचे. स्वार त्यात जवळजवळ पोटावर आडवा होई आणि बाहेर दिसे ते फक्त त्याचे डोके.

कवचाने वारा कापला, पण एक नवे संकट उभे केले. धावत्या गाडीवर वाऱ्याचा रेटा ज्या ठिकाणी एकवटतो ते ठिकाण गाडीच्या भारकेंद्राच्या पुढे पडले, तर गाडी सरळ राहू इच्छीत नाही. वाऱ्यात उलटा धरलेल्या बाणासारखी ती वळावयास पाहते. मोठ्या वेगात मन्रोची गाडी डावी-उजवीकडे डोलू लागे. आत पाय तापलेल्या धुराड्याजवळ भाजत, बाहेर वारा चष्मा ओढून काढू पाही, आणि हातांना हालण्यापुरतीही जागा नसे. या अस्थैर्यापायी तो मिठावर पडला, घसरत गेला, सोलपटून निघाला. आणि पुढच्या वर्षी पुन्हा आला.

मिठागरावरील उच्चांकाचा नियम कडक असतो. एका दिशेने धावून भागत नाही. ठरावीक अंतर दोन्ही दिशांनी कापावे लागते आणि दोहोंची सरासरी घेतली जाते, म्हणजे वाऱ्याची मदत वजा होते. इंजिनाच्या आकारावरून वर्गही ठरलेले असतात. १९६२ साली इंजिन ८५० सीसीपर्यंत वाढवून मन्रोने ८८३ सीसीच्या वर्गात सुमारे १७९ मैलांचा उच्चांक केला. १९६६ मध्ये ९२० सीसीचे इंजिन घेऊन तो १,००० सीसीच्या वर्गात उतरला आणि १६८.०७ मैलांचा उच्चांक त्याच्या नावावर लागला. आकडा आधीच्यापेक्षा लहान दिसतो याचे कारण वर्ग वेगळा. पुढच्याच वर्षी, २६ ऑगस्ट १९६७ रोजी, ९५० सीसीच्या इंजिनावर त्याने त्याच वर्गात १८३.५९ मैलांची सरासरी नोंदविली. त्या उच्चांकासाठी पात्र ठरताना एका दिशेची एक धाव तर १९० मैलांच्याही पुढे गेली होती. या वेळी स्वाराचे वय अडुसष्ट आणि गाडीचे सत्तेचाळीस होते.

एकूण दहा वेळा तो बॉनव्हिलला गेला. पहिली खेप पाहण्याची सोडली तर नऊ वेळा धावला आणि तीन जागतिक उच्चांक मिळविले. उरलेल्या सहा खेपांत काय घडले? कधी पिस्टन वितळला, कधी रॉड तुटला, कधी पावसाने मिठाचा चिखल केला की गाडी बाहेरच काढता येत नसे. नऊपैकी सहा वेळा अर्ध्या जगाचा प्रवास करून उच्चांकाविना परतणे, हे ज्याला पराभव वाटते त्याने हा उद्योग करूच नये. मन्रो प्रत्येक वेळी फळीसाठी काहीतरी घेऊन परत येत होता.

उत्तरायुष्य

वय वाढत गेले तसे हृदय कुरकुरू लागले. १९७०च्या दशकाच्या आरंभी रॉजर डोनाल्डसन नावाच्या एका तरुण चित्रपट दिग्दर्शकाने त्याच्यावर एक माहितीपट काढला, त्यालाही त्या फळीवरच्या अक्षरांचेच नाव दिले. १९७७ मध्ये मन्रोला अर्धांगाचा झटका आला. इस्पितळातून तो बाहेर पडला, पण हातापायांचा मेळ पूर्वीसारखा बसेना. ज्याचे सारे आयुष्य बोटांच्या नेमकेपणावर चालले, त्याला याहून मोठी शिक्षा कोणती असणार? आपल्या गाड्या दक्षिणेकडचा हा मुलूख सोडून जाऊ नयेत, अशी त्याची इच्छा होती. म्हणून त्याने दोन्ही गाड्या गावातील हेज कुटुंबाला विकल्या. ६ जानेवारी १९७८ रोजी तो वारला. इन्व्हरकार्गिलच्याच दफनभूमीत त्याची समाधी आहे.

कीर्ती मागाहून आली. २००५ साली त्याच डोनाल्डसनने त्याच्या आयुष्यावर कथापट काढला. अँथनी हॉपकिन्स या नामवंत नटाने त्यात मन्रोची भूमिका केली आणि ज्यांनी कधी मोटारसायकलला हात लावलेला नाही अशांनाही त्याचे नाव माहीत झाले. २००६ मध्ये अमेरिकन मोटारसायकल संघटनेने आपल्या मानकऱ्यांच्या यादीत त्याला स्थान दिले. त्याच वर्षापासून इन्व्हरकार्गिलमध्ये त्याच्या नावाने शर्यती भरू लागल्या आणि ओरेटीच्या वाळूवर पुन्हा गाड्यांचे आवाज घुमले.

आणखी एक गोष्ट घडली, ती या साऱ्याहून लहान आहे आणि म्हणूनच अधिक बोलकी आहे. मन्रोच्या मुलाने, जॉनने, १९६७च्या त्या दोन धावांचे जुने आकडे बारकाईने पाहिले. एका दिशेची धाव १८४.७१० मैल, दुसऱ्या दिशेची १८३.४६३. यांची सरासरी १८४.०८७ येते; नोंदविली गेली होती १८३.५९. बेरीज-भागाकाराची साधी चूक सत्तेचाळीस वर्षे कागदावर तशीच पडून होती. २०१४ साली संघटनेने ती मान्य केली आणि नोंद दुरुस्त केली. बापाच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी त्याच्या वेगात अर्ध्या मैलाची भर पडली, ती मुलाच्या हिशेबाने.

अर्धा मैल म्हणजे कितीसा? परंतु १९२६ पासून १९६७ पर्यंतची एकेचाळीस वर्षे धरली, तर मन्रोने आपल्या गाडीच्या वेगात सरासरीने दर वर्षी तीन मैलांच्या आसपास भर घातली. म्हणजे हा अर्धा मैल त्याच्या दोन महिन्यांच्या रात्रींच्या कष्टाएवढा होतो. ज्या शेडने घरापासून बाप दूर नेला, त्या शेडमधल्या दोन महिन्यांचे मोल मुलाने बापाच्या नावावर परत जमा केले. दुकानातल्या त्या लाल, लांबट गाडीपुढे उभे राहणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे.